राखेतून सिग्नल: कोराडीची राख, बाइंडरचा पाक आणि आमचा चुकलेला ग्राफ

  इअरफोन लावले असतील, कोणी मेट्रोत असेल, कोणी बर्डीवर ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल, कोणी रात्री पांघरुणात शिरून ऐकत असेल. 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, भाऊ, तू तर सॉफ्टवेअरवाला, तुला काँक्रीटचं काय पडलंय? बरोबर आहे. मी बीटेक कॉम्प्युटरचा. दिवसभर लॅपटॉपसमोर, स्टँडअप मीटिंग, जिराचे तिकीट, संध्याकाळी तर्री पोहे. पण गेल्या वर्षी जवळपास सात महिने माझे शनिवार-रविवार एका सिव्हिलच्या लॅबमध्ये गेले. कारण माझा जुना रूममेट. तो एमटेक करत होता आणि त्याच्या थिसिसचा विषय होता: राखेपासून बनवलेल्या काँक्रीटसारख्या पदार्थात पीझोइलेक्ट्रिक कण मिसळायचे, आणि बाइंडर बदलला की त्याच्या विजेच्या गुणांवर काय परिणाम होतो ते पाहायचं. त्याला सेन्सरचा डेटा वाचायला कोणीतरी हवं होतं. मी हो म्हणालो. मग मीच एक मोठी चूक केली. ती चूक आज सांगणार आहे. पण आधी विषय समजून घेऊ, नाहीतर चूक कळणार नाही.

सुरुवात आपल्या गावापासून. नागपूरच्या भोवती बघा. उत्तरेला कोराडी, तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. थोडं पुढे खापरखेडा, १,३४० मेगावॉट. तिकडे मौद्याला एनटीपीसीचं केंद्र, २,३२० मेगावॉट. सगळं कोळशावर. आणि आपल्या देशी कोळशात राख भरपूर, साधारण ३० ते ४० टक्के. म्हणजे तीन ट्रक कोळसा जाळला की एक ट्रक राख उरतेच असं धरा. ही राख पाण्यात कालवून पाइपने राखेच्या तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडी केंद्राच्या खसाळ्याच्या राख-बंधाऱ्याला भगदाड पडलं होतं, आठवतं का? राखेचा चिखल शेतात आणि नदीत गेला. बातम्या सगळ्यांनी पाहिल्या.

केंद्र सरकारने राख वापरायची पहिली अधिसूचना काढली १९९९ मध्ये. मग ३१ डिसेंबर २०२१ ला नवीन काढली, त्यात वीज केंद्रांनी शंभर टक्के राख वापरात आणायची असं बंधन आहे. विटा, सिमेंट, रस्त्याचे भराव, यात बरीच जाते. पण प्रश्न असा की, राखेचं यापेक्षा जास्त किमतीचं काही करता येईल का?

इथे येतं अल्कली-ॲक्टिव्हेटेड बाइंडर. नाव मोठं, गोष्ट सोपी. साध्या सिमेंटमध्ये पाणी टाकलं की ते घट्ट होतं. राखेत नुसतं पाणी टाकलं तर चिखल होतो. पण राखेत कॉस्टिक सोडा आणि वॉटरग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, यांचं द्रावण टाकलं तर राखेतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळतात, पुन्हा एकमेकांना जोडली जातात आणि दगडासारखा पदार्थ तयार होतो. १९५० च्या दशकात कीवमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी यावर काम केलं. फ्रान्सच्या जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकात यालाच 'जिओपॉलिमर' हे नाव दिलं. आपल्याकडेही हे आता नुसतं लॅबपुरतं नाही. बीआयएसने २०२० मध्ये अशा काँक्रीटच्या प्रीकास्ट वस्तूंसाठी मार्गदर्शक मानक काढलंय, आयएस १७४५२.

याचा फायदा काय? साधं सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे येतो. राखेच्या बाइंडरमध्ये चुनखडी भाजायचं कामच नाही. सोडा आणि वॉटरग्लास बनवायलाही ऊर्जा लागते, त्यामुळे अगदी फुकट नाही, पण बराच फरक पडतो.

आता दुसरा अर्धा भाग: पीझोइलेक्ट्रिक. हा शब्द ऐकला नसेल, पण वस्तू तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसचा तो टक्-टक् करणारा लायटर. त्यात सेल नसतो. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आदळते, तुकडा दाबला जातो, त्यातून हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. दाबलं की वीज, हाच पीझोइलेक्ट्रिक परिणाम. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलीन अशा स्फटिकांमध्ये तो दाखवला. हो, पिएर म्हणजे मेरी क्युरींचे मिस्टर. आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं सिरॅमिक आहे पीझेडटी, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेट. यात शिसं असतं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

मग हे काँक्रीटमध्ये कशाला घालायचं? उत्तर आहे: पूल.

२ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल रात्री पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या बस गेल्या. आपल्या पिढीला तो दिवस आठवतो. आपल्या नागपुरातच बघा, वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे, खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर, वर मेट्रो. अशा सगळ्या बांधकामांना पुढची शंभर वर्षं कोणीतरी नाडी बघत राहायला हवं. सेन्सरने ते करता येतं.

मग पीझेडटीची चकती सरळ काँक्रीटवर चिकटवली तर? चिकटवतात. पण अडचण आहे. आवाजाची लहर एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना सीमेवर काही भाग परत फिरतो. किती, ते घनता गुणिले आवाजाचा वेग या संख्येवर ठरतं. काँक्रीटसाठी ती साधारण ९ ते १० मेगारेल, पीझेडटीसाठी साधारण ३०. गणित केलं तर पाव भाग ऊर्जा सीमेवरच परत जाते. शिवाय मधला गोंद उन्हाने सुटतो. नागपूरचं ऊन, मे महिना, तुम्हाला सांगायला नको. म्हणून विचार असा की सेन्सरच काँक्रीटसारखा बनवायचा. पीझेडटीची पूड घ्यायची, बाइंडरमध्ये मिसळायची, आणि ती चकती पुलाच्या काँक्रीटमध्येच पुरायची. दोघांचा स्वभाव सारखा, लहर अडत नाही.

अशा मिश्रणाला ०-३ कॉम्पोझिट म्हणतात. ही नावं देण्याची पद्धत रॉबर्ट न्यूनम आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये आणली. ० म्हणजे कण एकमेकांना जोडलेले नाहीत, सुटे सुटे. ३ म्हणजे बाइंडर तिन्ही दिशांना सलग जोडलेला. तिळगुळाची वडी डोळ्यासमोर आणा. तीळ म्हणजे पीझेडटीचे कण, गुळाचा पाक म्हणजे बाइंडर.

आणि आता आजचा मुख्य मुद्दा. आई वडी करते तेव्हा तीळ तेच असतात. वडी बिघडते ती पाकामुळे. पाक कच्चा राहिला तर चिकट, जास्त झाला तर दगड. इथेही तसंच. सगळ्यांचं लक्ष महागड्या पीझेडटीकडे असतं, पण चकती चालणार की नाही हे बरंचसं बाइंडर ठरवतो. तीन जागी ठरवतो. एकेक पाहू.

पहिली जागा: पोलिंग. पीझेडटीची पूड मिसळली म्हणून चकती लगेच वीज देत नाही. प्रत्येक कणाच्या आत छोटे छोटे विद्युत बाण असतात आणि ते वाट्टेल त्या दिशेला तोंड करून असतात. एकाचं अधिक, दुसऱ्याचं उणे, बेरीज शून्य. सगळ्यांना एका दिशेला वळवायला चकतीला गरम सिलिकॉन तेलात ठेवून जाडीच्या दर मिलिमीटरला काही हजार व्होल्ट देतात. हे पोलिंग.

आता हे व्होल्ट बाइंडर आणि कण यांच्यात वाटले जातात. कोणाला किती? सुरुवातीला वाटणी डायलेक्ट्रिक स्थिरांकावर होते. पीझेडटीचा हजाराच्या वर, कोरड्या बाइंडरचा दहाच्या आसपास धरा. म्हणजे कणाच्या आतलं विद्युत क्षेत्र बाइंडरमधल्यापेक्षा शंभरपट कमी! आपण दिलेला सगळा जोर बाइंडरच खातो आणि कण तसाच झोपलेला राहतो.

पण थोडा वेळ थांबलं की वाटणी रोधावर होते. ज्याचा रोध जास्त, त्याच्यावर व्होल्ट जास्त. म्हणून बाइंडर थोडासा वीज वाहणारा असेल तर फायदा होतो, जोर कणांपर्यंत पोचतो. पण फार वाहणारा असेल तर? करंट सुसाट जातो, चकती तापते आणि फाट् करून जळते. म्हणजे बाइंडर थोडा गळका हवा, फार गळका नको. मला ही गोष्ट कळली तेव्हा मजा वाटली. आम्ही कोड लिहिताना लीक म्हटलं की घाबरतो. इथे थोडं लीक गरजेचं आहे.

दुसरी जागा: सिग्नल टिकणं. चकती दाबली, चार्ज तयार झाला. तो मोजायच्या आत बाइंडरमधून गळून गेला तर काय उपयोग? तो किती वेळ टिकतो याचं साधं सूत्र आहे: पदार्थाची रोधकता गुणिले परमिटिव्हिटी. डायलेक्ट्रिक स्थिरांक १०० धरू. ओल्या काँक्रीटची रोधकता १०० ओह्म-मीटर धरली तर चार्ज एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात गायब. ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेल्या काँक्रीटची रोधकता अब्ज ओह्म-मीटरच्या घरात जाते, तिथे चार्ज जवळपास एक सेकंद टिकतो. पुलावरून ट्रक जाताना पूल वाकतो तो सेकंदाच्या हिशोबात. म्हणजे ओलं आणि सुकं यात नुसता कमी-जास्तीचा फरक नाही. सेन्सर आहे की नाही, हाच फरक आहे.

तिसरी जागा: दाब कणापर्यंत पोचणं. बाइंडर पोकळ, भोकाभोकांचा असेल तर दाबल्यावर भोकंच दबतात. कणाला पत्ताच नाही. बाइंडर घट्ट आणि कणाला नीट धरलेला हवा.

आता या तिन्ही जागांचं नियंत्रण कशात आहे? बाइंडरच्या रेसिपीत.

आपली राख कमी चुन्याची. तिच्यापासून जे जेल बनतं त्यात सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन. ॲल्युमिनियम या जाळीत बसला की त्याच्या जागी एक उणे चार्ज राहतो आणि तो भरून काढायला जवळ एक सोडियम आयन बसतो. हा सोडियम फार घट्ट बांधलेला नसतो, ओलावा मिळाला की हिंडतो. आणि या जेलची दुसरी खोड अशी की त्यात पाणी रासायनिक रीतीने फारसं बांधलं जात नाही. कालवताना टाकलेलं बरंच पाणी छिद्रांतच राहतं. हिंडणारा सोडियम अधिक छिद्रांतलं पाणी, म्हणजे वीज वाहायला झकास रस्ता. सोडा जास्त टाकला तर उरलेला सोडियम बाहेर येऊन हवेशी मिळतो आणि पांढरी बुरशीसारखी पूड धरते. शिवाय नुसत्या राखेची चकती थंड हवेत लवकर घट्ट होत नाही, ६० ते ८० अंशांवर भाजावी लागते.

दुसरं साहित्य म्हणजे स्लॅग, लोखंडाच्या भट्टीतली मळी. आपल्याला जवळचं म्हणजे भिलाई. स्लॅगमध्ये चुना भरपूर, ३० ते ४० टक्के. राखेत स्लॅग मिसळला की कॅल्शियमचं जेल बनतं. ते पाणी स्वतःत बांधून घेतं, छिद्रं भरतं, आणि साध्या तापमानाला घट्ट होतं. म्हणजे घट्टपणा वाढतो, मोकळं पाणी कमी होतं. पण फुकट काही मिळत नाही. स्लॅग जास्त झाला की सुकताना आकसतं, केसासारख्या भेगा पडतात, आणि पोलिंगच्या वेळी वीज नेमकी त्या भेगेतून उडी मारते. मिश्रणही पटकन आवळतं, साच्यात भरायच्या आत भांड्यातच बसतं.

तर रेसिपीचे खटके असे: राख किती, स्लॅग किती, सोडा किती तीव्र, वॉटरग्लास किती, पाणी किती, आणि भाजणं-सुकवणं कसं. एक खटका हलवला की वर सांगितलेल्या तिन्ही जागा एकदम हलतात. म्हणून हा विषय अवघड आणि म्हणून त्यावर थिसिस होतो.

आता आमची गोष्ट.

रूममेटने पहिल्या चकत्या नुसत्या राखेच्या केल्या. राख कोराडीची. चकती दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, दोन्ही बाजूंना चांदीचा रंग इलेक्ट्रोड म्हणून. पोलिंगला ठेवली तर करंट वाढतच गेला आणि पॉवर सप्लाय ट्रिप. पुन्हा लावलं, पुन्हा ट्रिप. शेवटी ठरवलं होतं त्याच्या पाव व्होल्टेजवर कसंबसं पोलिंग केलं.

माझं काम मोजणीचं. एका प्लास्टिकच्या नळीतून ठरावीक उंचीवरून लोखंडी गोळी चकतीवर पडायची. चकतीला चार्ज ॲम्प्लिफायर, त्याला मायक्रोकंट्रोलर, त्याला माझा लॅपटॉप. मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. नॉइज काढायला फिल्टर, सिग्नल गुळगुळीत करायला स्मूदिंग, आणि प्रत्येक ग्राफ स्वतःच्या सर्वांत मोठ्या किमतीने भागून शून्य ते एकमध्ये बसवायचा. सगळे ग्राफ एकाच आकाराचे दिसतात म्हणून.

गोळी पडली, स्क्रीनवर सुंदर शिखर आलं. पुन्हा गोळी, पुन्हा शिखर. रूममेट ओरडला, "अबे, पाहून राहिला का! आपली राख बोलून राहिली!" आम्ही त्या रात्री सावजी खाल्लं, बिल मी दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने तो ग्राफ एका कॉन्फरन्सच्या सारांशात टाकून पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी त्याच्या गाइड मॅडमसमोर प्रेझेंटेशन. मॅडमनी ग्राफ पाहिला, शांतपणे विचारलं, "छान आहे. ब्लँक लावला होता का?"

ब्लँक म्हणजे पीझेडटी न घातलेली, नुसत्या बाइंडरची चकती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ब्लँक केलीच नव्हती.

त्या आठवड्यात ब्लँक केली. नळीत गोळी टाकली. शिखर आलं. तसंच. तितकंच सुंदर.

मंडळी, तो क्षण मला अजून आठवतो. पोटात खड्डा. ज्या चकतीत पीझेडटीचा एक कण नाही, ती पण 'बोलून राहिली' होती.

मग शोधलं. काय झालं होतं? एक, गोळी पडली की केबल हलते, आणि हलणाऱ्या केबलमध्ये घर्षणाने थोडा चार्ज येतो. दोन, ओल्या बाइंडरमध्ये दाबल्यावर पाणी आणि आयन सरकतात, इलेक्ट्रोडजवळ थोडं व्होल्टेज येतं. तीन, भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची भुणभुण. आणि चौथा गुन्हेगार मी. माझ्या स्क्रिप्टने प्रत्येक ग्राफ शून्य ते एकमध्ये ताणला होता. सिग्नल मोठा असो की नगण्य, स्क्रीनवर सारखाच दिसणार. मी नॉइजला इस्त्री करून कोट घालून स्टेजवर उभं केलं होतं.

आणि खरं तर आधीच कळायला हवं होतं. पोलिंग नीट झालंच नव्हतं, सप्लाय ट्रिप होत होता. बाण वळलेच नाहीत तर वीज येईल कुठून? आमच्याच वहीतलं एक पान दुसऱ्या पानाला खोटं पाडत होतं. पण आम्हाला शिखर हवं होतं, म्हणून शिखर दिसलं.

रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची चिंता खरी होती. सबमिशन तोंडावर, घरी लहान बहिणीची फी, आणि एका नोकरीची ऑफर सबमिशनच्या तारखेवर अडकलेली. तो म्हणाला, "मॅडमना सांगू ब्लँक शांत होती. कोण पाहायला येते?" मी गप्प. कारण ग्राफ माझाच होता, आणि नोकरी माझी नव्हती, त्याची होती. उपदेश करायचा हक्क मला नव्हता. शेवटी मी एवढंच म्हटलं, "सांगायचं ते सांग, पण स्क्रिप्ट मी बदलतो. नवीन स्क्रिप्ट जे दाखवेल ते दाखवेल."

तो रात्रभर जागा होता बहुतेक. सकाळी स्वतःच मॅडमकडे गेला आणि सगळं सांगितलं. मग कॉन्फरन्सला मेल करून सारांश परत घेतला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता थिसिस सुरू झाला." सबमिशन एक सेमिस्टर पुढे गेलं. ती नोकरी गेली. हे गोड करून सांगत नाही, खरंच गेली.

मग पुन्हा सुरुवात. या वेळी मी तीन कसोट्या कोडमध्येच बसवल्या, आणि तुम्ही कुठल्याही सेन्सरचा दावा ऐकला तर हे तीन प्रश्न विचारा.

पहिली: ब्लँक. ज्यात ती वस्तूच नाही तो नमुना काय दाखवतो?

दुसरी: उलटं करून पाहा. पोल केलेल्या चकतीला दिशा असते. चकती पालथी केली तर खऱ्या सिग्नलचं अधिक-उणे उलटं व्हायला हवं. केबलच्या नॉइजला चकती पालथी केली काय आणि सुलटी काय, फरक नाही.

तिसरी: प्रमाण. जोर दुप्पट तर चार्ज दुप्पट. आणि ग्राफ ताणायचा नाही, खरी किंमत, खरं एकक.

नुसत्या राखेच्या ओल्या चकत्या दुसऱ्या कसोटीत नापास. मग रूममेटने राखेत थोडा स्लॅग मिसळला, पाणी कमी केलं, सोड्याची तीव्रता उतरवली आणि चकत्या ओव्हनमध्ये सावकाश सुकवल्या. एकदम तापवलं तर भेगा, हे दोन चकत्या फुटल्यावर शिकलो. या वेळी पोलिंग टिकलं, सप्लाय ट्रिप झाला नाही. गोळी टाकली, शिखर आलं. छोटं, आधीच्या त्या देखण्या शिखरासमोर अगदी किरकोळ. चकती पालथी केली. शिखर खाली गेलं. उलटं!

या वेळी कोणी ओरडलं नाही. रूममेट हळूच म्हणाला, "परत एकदा टाक." आम्ही गोळी बहुतेक चाळीस वेळा टाकली.

जुलै आला. नागपूरचा पाऊस, लॅबची उघडी खिडकी, चकत्या टेबलावर. तीन आठवड्यांनी मोजलं तर सिग्नल जवळपास गेलेला. चकत्यांनी हवेतला ओलावा पिला होता. पुन्हा सुकवल्या तर काही प्रमाणात परत आला. म्हणजे रेसिपीने अर्धं काम केलं, उरलेलं अर्धं ओलावा बाहेर ठेवण्यात आहे. वरून इपॉक्सीचा थर दिला तेव्हा सिग्नल जास्त दिवस टिकला. आमच्या मूठभर चकत्या होत्या, त्यावरून जगाचा नियम सांगत नाही. पण दिशा तीच दिसली जी सिद्धांत सांगतो: मोकळं पाणी आणि मोकळा सोडियम कमी करा, पण बाइंडरला पूर्ण मुका करू नका.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असणार. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, रस्त्यात पीझो टाका, गाड्या जातील, पथदिवे लागतील. गणित करू. अशी चकती साधारण २० पिकोकूलंब प्रति न्यूटन देते असं धरा. चाकाचा एक टन भार, म्हणजे १०,००० न्यूटन, पूर्ण तिच्यावर आला. चार्ज झाला ०.२ मायक्रोकूलंब. दोन सेंटिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची चकती असेल तर ऊर्जा निघते साधारण ०.१४ मिलीजूल. १० वॉटचा एक एलईडी दिवा एक सेकंद लावायला सुमारे ७०,००० चाकं त्या एका चकतीवरून जावी लागतील. एक सेकंद! म्हणून दिवे विसरा. हा पदार्थ वीज बनवायला नाही, ऐकायला आहे. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपने घरात उजेड पडत नाही, पण छातीत काय चाललंय ते कळतं.

आणि ते शिशाचं. पीझेडटीत शिसं आहे, म्हणून पूड हाताळताना मास्क, ग्लोव्ह्ज, धुराड्याचं कपाट, सगळं लागतं. बेरियम टायटनेटसारखे शिसं नसलेले पर्याय आहेत, त्यांची ताकद साधारणपणे कमी पडते, पण काम चालू आहे. आणि कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला की द्रावण उकळल्यासारखं तापतं, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. त्यामुळे रील बनवायला घरी करू नका. हात जोडून सांगतो.

रूममेटचं पुढे काय झालं? थिसिस झाला. त्यात एक अख्खं प्रकरण ब्लँकवर आहे, शीर्षकात माझ्या चुकीचं नाव नाही, पण आभारात माझं आहे. नोकरी सहा महिन्यांनी दुसरी लागली, पगार पहिल्या ऑफरपेक्षा थोडा कमी. बहिणीची फी त्या सत्रात मामांनी भरली. मी त्याला एकदा विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाला, "वाटते ना बे. पण उद्या कोणत्या पुलात माझी चकती टाकली, आणि ती खोटं बोलली, तर?"

मी ऑफिसमध्ये आता कुठलाही डॅशबोर्ड बनवला की आधी विचारतो, यात ब्लँक कुठे आहे? टीममधली पोरं हसतात. हसू दे.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोराडी रोडने जाताना त्या उंच चिमण्या दिसल्या की आठवा, त्या राखेतून वीट होते, रस्ता होतो, आणि रेसिपी नीट जमली तर पुलाचा कानही होऊ शकतो. तीळ महाग असतील, पण वडी पाकावर ठरते.

तुमच्या कामात असा कधी ग्राफ खोटा निघालाय का? व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता पाठवली तरी चालेल. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. तोवर काळजी घ्या, हेल्मेट घाला, आणि भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार!